मॅगझीनवरचा नंबर

ओमानमधल्या निझव्यात मी सहा वर्षं फिटर होतो. सूकच्या, म्हणजे तिथल्या बाजारपेठेच्या, मागच्या गल्लीत अर्बाबचं छोटं वर्कशॉप होतं. पाण्याचे पंप, गेटची कुलपं, जे येईल ते दुरुस्त करायचं. अर्बाब म्हणजे मालक; तिकडे मालकाला सगळेच अर्बाब म्हणतात. आमच्या अर्बाबला वर्कशॉपपेक्षा जुन्या रायफलींचा नाद जास्त. शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार भरतो, त्याच्या पलीकडे काही म्हातारे जुनी हत्यारं घेऊन उभे राहतात. त्यांच्यात हा असायचाच. विकायचा कमी, हाताळायचा जास्त.

त्या दिवसांत माझा जीव एका कागदात अडकला होता. मस्कतला अझैब्यातल्या एका कंपनीत मला फॅमिली स्टेटसची नोकरी मिळत होती. म्हणजे बायको आणि मुलगी माझ्याजवळ राहू शकणार होत्या. मुलगी पाच वर्षांची झाली होती आणि तिच्या लेखी बाप म्हणजे फोनमधला माणूस होता. पण अर्बाबने एनओसी, ना हरकतीचं पत्र, दिल्याशिवाय नवी नोकरी धरता येत नव्हती. तसाच सोडून गेलो तर दोन वर्षं ओमानचं तोंड बघता आलं नसतं. कंपनी महिनाअखेरपर्यंत थांबणार होती. मी पत्राचं विचारलं की अर्बाब हसून म्हणायचा, "इन्शाल्ला." रागावला असता तर भांडता तरी आलं असतं. इन्शाल्लाशी कोण भांडणार?

अशात एका सोमवारी त्याने माझ्यापुढे एक मॅगझीन ठेवलं. रायफलीच्या पोटाखाली बसतो तो काडतुसांचा लोखंडी डबा. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर दिसायची ती थ्री-नॉट-थ्री, तिच्याच घराण्यातल्या एका फार जुन्या रायफलीचं. रायफल त्याच्या वडिलांची, मागच्या ऑफिसात भिंतीवर टांगलेली. घराचं काम काढलं होतं म्हणून नाइलाजाने विकायला काढली होती.

"स्प्रिंग खराब. सिर्फ स्प्रिंग," एवढं बोलून तो गेला.

स्प्रिंग अर्ध्या तासात झाली. तिथेच हात आवरला असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण ज्याला दुसऱ्याकडून काही हवं असतं त्याचा हात आवरत नाही. तो काळाकुट्ट, खवले धरलेला डबा तसाच परत द्यायची मला लाज वाटली. आमच्या रत्नागिरीकडच्या घरात, दुसऱ्याच्या घरी जायचं भांडं चिंचेने घासून लख्ख केल्याशिवाय आई उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसे. मी ग्राइंडरला पॉलिशची चकती लावली. डब्याच्या एका बाजूला गंज भरलेल्या काही वाकड्या रेघा होत्या, त्याही घालवल्या. डबा आरशासारखा झाला. फडक्यात गुंडाळून ठेवला, आणि खरं सांगतो, हा बघून अर्बाब विरघळणार असंच मला वाटत होतं. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

मंगळवारी अर्बाब खुशीत आला. शुक्रवारी मस्कतहून गिऱ्हाईक येणार होतं. एक निवृत्त ओमानी साहेब, घरात भिंतभर जुन्या रायफली असलेला. अर्बाबने मला ऑफिसात नेलं, रायफल खाली काढली आणि तिच्या लोखंडावर ठोकलेला नंबर दाखवला. ६१८३. बोल्टवरही तोच.

"मॅगझीन पे भी सेम नंबर," तो म्हणाला. मग कौतुकाने समजावत बसला. अशा रायफली पुष्कळ मिळतात, पण मॅगझीन कुठेतरी हरवतं आणि लोक दुसरं कुठलंही लावतात. जिचं मॅगझीन जन्मापासूनचं आहे, नंबरासकट, तिच्यासाठी शौकीन माणूस दुप्पट मोजतो. "और काला रंग, पुराना. वो चाहिए. साफ किया तो खलास."

त्या वाकड्या रेघा.

"दिखाऊं, अर्बाब?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

"नहीं, नहीं. तुम्हारे पास है, सेफ है."

त्याने रागाने काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या एका वाक्याने मला तीन दिवस धड जेवू दिलं नाही. सांगून टाकावं असं दिवसातून दहा वेळा मनात यायचं. तोंड उघडायला जायचो आणि महिनाअखेर डोळ्यांपुढे उभी राहायची. रोज फोनवर बायकोचा एकच प्रश्न, "दिलं का हो पत्र?" शाळेत नाव घालायचं तर आत्ताच, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

पहिल्यांदा रंगाच्या मागे लागलो. मीठ-व्हिनेगर लावून गंज चढवला, तेलात तापवला, पुन्हा पुसला. डबा काळा झाला. आता नंबर. गुरुवारी दुपारी एक ते चार सूक बंद असतो, तेव्हा मी शटर खाली ओढलं आणि लोखंडावर आकडे ठोकायचे पोलादी पंच असतात, त्यांची पेटी उघडली. सहा, एक, आठ, तीन. प्रत्येकी एक घाव. ओळ सरळ आली. माझं काम नेहमीच सरळ येतं, त्याचा मला अभिमान होता. आकड्यांत काजळी-तेल चोळलं आणि शटर वर केलं. बाहेर कुणी नव्हतं, तरी सगळी गल्ली माझ्याकडेच बघतेय असं वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

शुक्रवारी साहेब आले. कॉफी झाली, खजूर झाले. त्यांनी मॅगझीन उजेडात धरलं, अंगठा फिरवला. मग खिशातून मोबाइल काढून त्यात काहीतरी शोधलं आणि मोबाइल मॅगझीनशेजारी टेबलावर ठेवला. अर्बाबने महिन्यापूर्वीच त्यांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता. फोटोतला आठ कलंडलेला, एक जरा खाली घसरलेला. शेजारी माझे चार आकडे, कवायतीतल्या शिपायांसारखे ताठ.

साहेबांनी अरबीत हळू आवाजात काहीतरी म्हटलं. अर्बाबने फोटो पाहिला, मॅगझीन पाहिलं आणि मग माझ्या हातांकडे पाहिलं. तोंडाकडे पाहिलंच नाही. रायफल पुन्हा भिंतीवर गेली. मी दारात उभा होतो आणि जमीन दुभंगली तर बरं असं मला मनापासून वाटत होतं.

रविवारी सकाळी माझ्या टेबलावर एक कागद होता, उडू नये म्हणून त्यावर ते मॅगझीन ठेवलेलं. एनओसी. सही, शिक्का, सगळं.

"अर्बाब, मैं..." मी सुरुवात केली.

"पॉलिश गलती," तो म्हणाला. "गलती सबका होता है. नंबर गलती नहीं." आवाज चढलेला नव्हता. "खलास. यल्ला, जाओ. फॅमिली बुलाओ."

सहा वर्षं ज्याने मला सोडलं नाही, त्याने मला असं सोडलं. मी कागद उचलला, मॅगझीन तिथेच राहू दिलं.

बायको फोनवर रडली. "देवमाणूस हो तुमचा अर्बाब," ती म्हणाली. मी "हो" म्हणालो. त्या दोघी मस्कतला आल्या, मुलीला शाळेत प्रवेश मिळाला. पहिल्याच आठवड्यात बायकोने गावाहून आणलेली काजूची पिशवी बाजूला काढून ठेवली, निझव्याला जाऊन अर्बाबला द्यायची म्हणून. दर गुरुवारी विचारायची, "उद्या जायचं ना?"

मी हसून म्हणायचो, इन्शाल्ला.