अनाउन्सरबाईंचं मौन

निधनवार्तेचा मजकूर सरांनी स्वतः लिहिला. 'आदर्श पत्नी, वत्सल माता, प्रेमळ आजी' एवढ्यात बायकोला आटोपून त्यांनी 'निवृत्त मुख्याध्यापक, उत्कृष्ट वक्ते व विचारवंत' अशा पतीची ओळख करून द्यायला पुरेशी जागा राखली होती. बाई कुठे नोकरी करायच्या, हे लिहायचं राहूनच गेलं. सुनेनं तो मजकूर वाचला आणि ती काही बोलली नाही. सासूच्या हाताखाली एवढं तरी ती शिकली होती.

बाई बसस्थानकावर अनाउन्सर होत्या. काचेच्या एका खोलीत माइकसमोर बसून त्या गाड्यांच्या वेळा सांगायच्या. 'गाडी सुटण्याच्या तयारीत आहे' असं त्यांनी म्हटलं की भलेभले धट्टेकट्टे पुरुष हातातला चहा टाकून धावत सुटायचे. ड्रायव्हर त्यांच्या आवाजाला वचकून असत. हरवलेली पोरं त्यांच्या खोलीत आणली जायची, आणि त्यांनी माइकवरून आईला जो दम भरलेला असायचा, तो ऐकून आई पोराला घ्यायला यायलाच घाबरायची. अख्खं गाव त्या आवाजावर चालायचं.

तोच आवाज संध्याकाळी घरी आला की पंख्याच्या घरघरीइतकाही कुणाला ऐकू यायचा नाही. 'जेवायला चला' ही घोषणा बाई पुन्हापुन्हा करायच्या आणि जागचं कुणी हलायचं नाही. चिरंजीव अंघोळीला गेल्यावर आतून टॉवेल मागायचे. सर खुर्चीत बसून देशाचं काय चुकतंय ते सांगायचे. मध्ये बाईंनी तोंड उघडलंच तर हात वर करून म्हणायचे, "अगं, मी बोलतोय ना!" ते कायमच बोलत असल्यामुळे बाईंची पाळी यायचा प्रश्नच नव्हता.

सून घरात आली ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करणारी. दिवसभर लोकांना सुया टोचून ती दमून यायची. सासूबाई तिच्यासमोर चहा ठेवायच्या, आणि त्या चहाचं श्रेय घराच्या संस्कारांना कसं जातं, ते सर समजावून सांगायचे.

निवृत्तीनंतर बाईंच्या घशाचं दुखणं निघालं. स्वरयंत्रावर छोटीशी गाठ होती. ऑपरेशन झालं, काळजीचं काही निघालं नाही, पण डॉक्टरांनी बजावलं, "महिनाभर एक शब्दही बोलायचं नाही. कुजबुजसुद्धा नाही."

"म्हणजे आमची किती गैरसोय!" सर म्हणाले, आणि हे संकट धीरानं सोसायचं त्यांनी ठरवलं.

घराची दातखीळ बसली ती त्या महिन्यात. कात्री कुठे, विजेचं बिल कुठे, सरांच्या रक्तदाबाची गोळी सकाळची की संध्याकाळची, कुणाला म्हणून काही ठाऊक नव्हतं. बाई खुणा करायच्या. खुणा कळायच्या तर त्यांच्या तोंडाकडे बघणं भाग होतं. सर बघायला लागले. लग्नानंतर इतकं निरखून त्यांनी बायकोला पहिल्यांदाच पाहिलं असावं. "काय हवंय तुला? पाणी? नको? मग खिडकी लावू?" असं विचारत ते घरभर फिरायचे. चहा करायलाही शिकले. चिरंजीवांना आपला टॉवेल राहतो कुठे याचा शोध लागला.

महिना सरला. डॉक्टरांनी घसा तपासून 'बोला आता हळूहळू' म्हणून सांगितलं. घरी आल्यावर सगळे समोर बसले.

"बोल, अगं, काहीतरी बोल," सर म्हणाले.

बाईंनी तोंड उघडलं.

"थांब, जबरदस्ती नको करूस," सर लगेच म्हणाले. "आवाजाचं शास्त्र असं आहे, की..." आणि जेवणाची वेळ होईपर्यंत त्यांनी ते शास्त्र सांगितलं.

बाईंनी तोंड मिटलं. मान हलवली. घशाकडे बोट केलं. झालं. आवाज काही परत आला नाही. सर रोज त्यांना वाफारा द्यायला लागले.

एकदा लॅबमधलं मशीन बंद पडलं म्हणून सून दुपारीच घरी निघाली. जिना चढताना खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईंच्या दारातून आवाज आला, खणखणीत.

"अगं, देशाचं चुकतंय कुठे? मी सांगतो!"

सून जागच्या जागी थबकली. स्वर अगदी सासऱ्यांचा, पण गळा बायकी. टेलरबाई शिलाई मशीन थांबवून खो खो हसत होत्या. मग चिरंजीवांची नक्कल झाली, नाकात बोललेली. आणि त्यानंतर, "आई, आज फार दमले हो मी, सुया, नुसत्या सुया!"

हे मात्र सुनेला झोंबलं. तिनं दार ढकललं.

बाई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. घाबरल्या वगैरे अजिबात नाहीत. म्हणाल्या, "ये. तुझंच चाललं होतं."

"आई, तुम्ही... केव्हापासून बोलता?"

"डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून. रोज दुपारी. घसा गंजू नये म्हणून."

"आणि घरी?"

"घरी कशाला? इतकी वर्षं बोलत होते, तर कुणी विचारलं नाही काय हवंय. आता उठता-बसता विचारतात. परवा तुझ्या नवऱ्यानं माझ्यासाठी उशी आणून दिली. मी मागितली नव्हती बरं." बाईंनी सुनेकडे रोखून पाहिलं. "सांगणार असशील तर सांग."

सुनेनं चप्पल काढली आणि पलंगाच्या कडेला टेकली. "माझा आवाज एवढा रडका आहे?"

"त्याहून रडका. मी कमी केलाय."

तेव्हापासून सुटीच्या दिवशी टेलरबाईंकडे दोघींच्या ऐवजी तिघी असायच्या. सून घरी येऊन बाईंच्या खुणांचा अर्थ सांगायचं कामही करू लागली. अर्थ ती आपल्या सोयीनं सांगायची. "बाबा, आई म्हणतायत, भांडी आज तुम्ही घासा." बाई गंभीर चेहऱ्यानं मान डोलवायच्या.

भानगड झाली ती सुनेच्या शाळकरी लेकीमुळे, बाईंच्या नातीमुळे. बाई तिला दुपारी दार लावून झोपवताना गोष्टी सांगायच्या, आणि पोरगी शाळेत गेली ती 'माझी आजी गोष्टी सांगते, सगळ्या बसगाड्यांचे आवाज काढते' असं सांगत. शाळेतून बोलावणं आलं. मुलीची आजी मुकी आहे, मग गोष्टी सांगतं कोण? शाळेतल्या समुपदेशक बाईंनी निदान केलं, की मूल कल्पनेत रमतं, एकटं पडलंय. सरांनी बालमानसशास्त्रावर रात्रीच्या जेवणात भाषण सुरू केलं. चिरंजीव म्हणाले, "हिला खोटं बोलायची सवय लागलीय. मोडायलाच हवी."

पोरीचे डोळे भरले. "मी खोटं नाही बोलत!"

सून काही बोलणार, तेवढ्यात स्पष्ट, ठाशीव आवाज आला.

"ती खरं बोलतेय. तिला कुणी रागवायचं नाही. आणि मीठ जरा इकडे द्या."

चिरंजीवांचा घास हातातच राहिला. सुनेनं मीठ पुढे केलं. सर क्षणभर गप्प झाले, ही त्या घरातली ऐतिहासिक घटना. मग त्यांचा चेहरा उजळला.

"आवाज आला! बघितलंत? वाफाऱ्याचा गुण! मी म्हणत नव्हतो?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना खरं सांगता आलं असतं. पण माणूस इतका खूश झाला होता, डोळ्यांत चक्क पाणी होतं, की त्या म्हणाल्या, "हो. तुमच्या वाफाऱ्यानंच." खरं तर खोटं बोलण्याची सवय मोडायला हवी होती ती कुणाची, हा प्रश्न सुनेनं मनातच ठेवला.

त्यानंतरची वर्षं बाई घरात मोजकंच बोलल्या, आणि त्या बोलल्या की लोक उठायचे. सरांचं भाषण चालूच राहिलं, पण मध्येच थांबून ते विचारायचे, "तुझं काय म्हणणं?" मग उत्तराची वाटही पाहायचे. थोडी.

शेवटच्या आजारपणात बाई हॉस्पिटलमध्ये होत्या. दम फार लागायचा. सर उशाशी बसून बोलत असायचे. सून डबा घेऊन गेली, तेव्हा ते अचानक मध्येच थांबले.

"अगं, तुला माझं बोलणं फार होत होतं का?"

"फार," बाई म्हणाल्या.

सर खाली बघत बसले. नर्स आली, सलाइन बदलून गेली. बाईंनी चादरीखालून हात काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

"आता गप्प का? बोला. त्याशिवाय मला झोप यायची नाही."