अक्काच्या नावाने दिलेली साक्ष

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी वत्सलाअक्काचं नाव सांगतो. परदेशातल्या माझ्या पहिल्या वर्षाच्या शेवटी नेमकं हेच नाव माझ्या तोंडून निघू नये, असा प्रयत्न चालला होता. त्या दिवसांत मी प्रार्थनेला बसलो की देवाशी भांडायचो. ज्याच्यासाठी घर सोडलं, त्याच्याच माणसांनी मला खोटं बोलायला सांगावं, हे मला पचत नव्हतं.

आमचं घर धुळ्यात, देवपूरमध्ये. वडील दीपनगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होते, महिन्यातून एकदा घरी यायचे. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. जाण्याआधी तिने शेजारच्या वत्सलाअक्काचा हात धरून एकच मागितलं, पोराला दर रविवारी चर्चला पाठव. अक्का पोस्टात नोकरीला, घराणं बौद्ध. तिच्याच घरी मी जेवलो, तिच्याच ओट्यावर बसून अभ्यास केला आणि बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिलाच. या सगळ्या वर्षांत अक्काने माझा रविवार कधी चुकू दिला नाही. स्वतःला विहारात जायचं असायचं, पण आधी ती माझं डोकं विंचरायची. मी पांघरुणात तोंड खुपसलं की तिची अहिराणी सुरू व्हायची, "ऊठ रे भाऊ. तुनी मायले मी सबद देयेल शे. आइतवार चुकाडानं नही." चर्चच्या फाटकापर्यंत ती यायची. आत कधी आली नाही. परतल्यावर मात्र विचारायची, "आज काय शिकवलं?" आणि मी सांगेन ते नीट ऐकून घ्यायची.

पुढे नोकरी शोधत जळगावला राहत असताना विद्यार्थ्यांमध्ये काम करणाऱ्या एका ख्रिस्ती मंडळाशी माझी ओळख झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मला मनिलाला पाठवायचं ठरवलं, तिथल्या विद्यापीठात सेवेसाठी. अक्काला सांगायला गेलो तेव्हा ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला बाटवायचं जमलं नाही, म्हणून परदेशात चालला का रे?" मग उठली आणि माझ्या बॅगेत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा कोंबला.

मनिलातलं जगणं साधंच होतं. आम्ही तिघे सेवक एका खोलीत राहायचो. तिन्ही वेळा भात, बरोबर खारवलेला मासा. सकाळी कपडे धुवायचे, प्रार्थना करायची आणि पत्रकं घेऊन विद्यापीठाच्या आवारात झाडाखाली उभं राहायचं. पोरं पत्रक हसून घ्यायची आणि लगेच त्याने वारा घ्यायला लागायची, इतकं उकडायचं. एकाने विचारलं, "तुम्ही तिकडे कॉलेजला हत्तीवरून जाता का?" मी म्हणालो, "नाही, एस.टी.ने. हत्ती परवडला असता, तो वेळेवर तरी आला असता." त्या दिवसापासून चार-पाच जण थांबून बोलायला लागले. देवाचं काम असंही होतं, हे मी तिथे शिकलो.

माझी कागदपत्रं एका वर्षाचीच होती. पुढच्या वर्षी राहायचं तर आमच्या गटाचे प्रमुख, ब्रदर रेमंड, यांची शिफारस हवी होती आणि ती वार्षिक सभेनंतर मिळायची. सभेत प्रत्येक सेवकाने साक्ष द्यायची असते, म्हणजे देवाने आपलं आयुष्य कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगायचं असतं. मी माझी साक्ष लिहून दाखवली. रेमंड माणूस प्रेमळ. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"ही बाई अजून बौद्धच आहे ना?"

"हो."

"मग तिला वगळ. लोकांचा गोंधळ होईल."

"पण मला चर्चला तीच पाठवायची."

"तुला देवाने पाठवलं."

"देवानेच पाठवलं, ब्रदर. पण डोकं अक्काने विंचरलं."

ते हसले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी टाइप केलेला कागद माझ्या हातात दिला. त्यात लिहिलं होतं की मी मूर्तींच्या घरात वाढलो आणि त्या घरात मला कुणी येशूचं नाव घेऊ दिलं नाही. मी म्हणालो, हे खरं नाही. ते म्हणाले, "थोडं सोपं केलंय इतकंच." परत जावं लागलं तर झाडाखालची ती पोरं माझ्या हातून सुटणार होती. मी कागद खिशात ठेवला. हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणवलं नाही.

सभा संध्याकाळी होती. पडदे ओढलेलं सभागृह माणसांनी भरलं होतं. माझं नाव पुकारलं, मी कागद उघडला, आणि वीज गेली. तेव्हा मनिलात वीज रोजच जायची. माइक बंद पडला, पंखे थांबले, हातातलं अक्षर दिसेना. लोक कुजबुजायला लागले. मला मात्र भारनियमनाची जन्मापासून सवय. आम्ही पोरं वीज गेल्यावरच मोठ्याने पाठांतर करायचो. मी तसाच आवाज चढवला आणि म्हणालो, "मी धुळ्याचा." पुढचं वाक्य सुचेपर्यंत पहिल्या रांगेतून एक अनोळखी बाई उठल्या आणि पेटवलेली मेणबत्ती माझ्यासमोरच्या टेबलावर ठेवून गेल्या. आता कागद स्पष्ट वाचता येत होता.

मी त्याची घडी घातली. आणि वत्सलाअक्काची सगळी गोष्ट सांगितली.

बोलून झाल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. मागून एकाने विचारलं, "आता तरी ती ख्रिस्ती झाली का?"

"नाही."

"मग तू तिला येशूची सुवार्ता सांगत नाहीस?"

"दर रविवारी सांगायचो. ती सगळं ऐकायची आणि म्हणायची, चल, भाकरी गार होतेय."

थोडे लोक हसले. रेमंड हसले नाहीत. बाहेर व्हरांड्यात ते शांतपणे म्हणाले, "येत्या रविवारी सगळ्यांसमोर दुरुस्त करून सांग, मग शिफारशीचा विचार करू."

"दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नाही, ब्रदर."

"मग सामान बांधायला घे."

मी खरोखर बांधायला घेतलं. त्या वेळी मात्र माझं देवाशी भांडण संपलेलं होतं. मी एवढंच म्हणालो, प्रभू, जे बोललो ते तुझ्यासमोर बोललो, आता घरी पाठव नाहीतर इथे ठेव.

बॅगेला कुलूप लावायच्या आधीच मेणबत्तीवाल्या बाई खोलीवर आल्या. त्यांचं नाव लुझ, त्याच विद्यापीठात शिकवायच्या. दारातच म्हणाल्या, "मला एका मुसलमान शेजारणीने वाढवलं. इतकी वर्षं चर्चला जाते, पण तिचं नाव तिथे घ्यायचं धाडस कधी झालं नाही." त्यांच्या गल्लीत वीस-पंचवीस घरांची लहानशी मंडळी, म्हणजे छोटं चर्च होतं. त्या मंडळीने माझी जबाबदारी घेतली, लागणारी पत्रं दिली आणि मी राहिलो. रेमंड यांनी शिफारस केली नाही ती नाहीच. पण रस्त्यात भेटले की हात मिळवायचे, मीही मिळवायचो.

लोक मला विचारतात, त्या वेळी वीज देवाने घालवली का? मला ठाऊक नाही. वीज रोज जायची. देवाला शरण जाणं म्हणजे काय, हे मला त्या संध्याकाळी जेवढं कळलं तेवढं सांगतो. ज्याला शरण गेलो तो सत्य आहे, म्हणून त्याच्या नावाने खोटं बोलायला सांगणाऱ्यापुढे मान हलवायची नाही, मग तो माणूस कितीही भला असो. बाकीचं त्याच्यावर सोडायचं. ते सोडल्यावर मला त्या रात्री गाढ झोप लागली होती.

राहायचं नक्की झालं त्या दिवशी मी अक्काला पत्र लिहिलं. आम्हा ख्रिस्ती लोकांचा सलाम आणि तिचा जय भीम, दोन्ही घालून ते असं होतं:

"अक्का, सलाम आणि जय भीम.

मी आणखी एक वर्ष इथेच आहे. तब्येत बरी आहे, भात खाऊन जरा सुटलोय. बाबा दीपनगरहून आले की त्यांना पत्र वाचून दाखव.

एक गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. इथे मोठ्या सभेत मी तुझं नाव घेतलं. येशूकडे मला कोणी नेलं असं विचारतात, तेव्हा मी तुझं नाव सांगतो, आणि तू बौद्ध आहेस हेही सांगतो. काहींना ते आवडलं नाही. तुझ्या विहारातल्या बायकांनाही कदाचित आवडणार नाही, त्या तुला चिडवतील. तुला विचारून बोलायला हवं होतं, पण तेवढा वेळ नव्हता.

रागावलीस तर चार ओळी लिहून रागाव. साक्ष मात्र मी मागे घेणार नाही.

तुझा."