एका माणसाची चतुर्दशी

आमच्या घरी पितृपक्षात दोन दिवस स्वयंपाक असतो. एक भाद्रपद वद्य चतुर्दशीला आणि एक दुसऱ्या दिवशी, सर्वपित्री अमावास्येला. अमावास्येला घरातले सगळे पूर्वज एकत्र जेवतात: सासरे, सासूबाई, त्यांच्याही मागचे, आणि आता माझा नवरासुद्धा. प्रत्येकाची तिथी धरत बसलं तर पंधरवडाभर कढई खाली उतरायची नाही, म्हणून सासूबाईंनीच ही सोय लावून दिली होती. चतुर्दशी मात्र एकाच माणसाची, माझ्या नवऱ्याच्या काकांची. ते एकाहत्तरच्या लढाईत गेले. शस्त्राने किंवा अपघाताने ज्यांना मरण येतं त्यांचं या दिवशी करतात, मग त्यांची तिथी कुठलीही असो.

काकांना मी पाहिलेलं नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते भिंतीवरच होते. बुशशर्ट घातलेले, केस मागे वळवलेले, कुणाच्या तरी स्कूटरला टेकून उभे. सैन्यातला फोटो का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांच्या आईला वर्दीतला फोटो बघवत नसे, म्हणून तो काढून ठेवला, एवढं कळलं. आई गेली, तरी फोटो काही बदलला नाही.

तेव्हापासून दरवर्षी मी चतुर्दशी करते आहे. हैदराबादच्या बेगम बाजारातून काळे तीळ, दर्भ आणि विस्तराकू, म्हणजे आपल्या पत्रावळी, दोन्ही दिवसांच्या एकदमच आणते. वडे, खीर, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी. लागोपाठ दोन दिवस तेच तळण, तोच ओटा. मी कधी कंटाळा केला नाही, पण फार मनापासून केलं असंही म्हणणार नाही. वॉशिंग मशीनची सर्व्हिसिंग वेळेवर करून घ्यावी तसं करत आले.

नवरा गेल्यापासून पाटावर मुलगा बसतो. तो एका कंपनीत नेटवर्कचं काम करतो. कुठे जोडणी तुटली की त्याचा फोन वाजतो आणि ती परत जोडेपर्यंत तो जेवायलाही उठत नाही. आधी घरूनच काम होतं, त्यामुळे दोन्ही दिवस निभले. यंदा ऑफिसने सगळ्यांना बोलावून घेतलं. लागोपाठ दोन रजा मिळणार नाहीत, असं तो म्हणाला, आणि त्यात मला काही गैर वाटलं नाही. मी सरळ गुरुजींना फोन लावला. हैदराबादेत मराठी घरं बरीच असली तरी गुरुजी थोडे, आणि पितृपक्षात त्यांची दिवसाला तीन-तीन घरं असतात. अमावास्येला दोन्ही संकल्प एकत्र करू, काळाप्रमाणे चालतं, असं ते म्हणाले. त्यांच्याही आवाजात सुटका होती. माझ्या दृष्टीने विषय संपला.

फक्त आत्यांना सांगायचं राहिलं होतं. आत्या म्हणजे नवऱ्याची आत्या, काकांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. जामबागेतल्या एका शाळेत तीस वर्षं मराठी माध्यमाला इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर बरकतपुऱ्यात आमच्याकडे राहायला आल्या. आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या भिंग घेऊन पेपर वाचत होत्या. मी त्यांना गुरुजींचं म्हणणं सांगितलं.

"अमावास्येला कुणाचं करतात?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"सगळ्यांचं."

"ज्यांची तिथी कुणाला ठाऊक नाही, त्यांचं. त्याची मला ठाऊक आहे."

माझ्या नवऱ्याचीही मला ठाऊक आहे, आणि तरी तो अमावास्येच्या पंगतीत बसतो, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि त्याहून वाईट बोलले. "तुमच्यानंतर कोण धरणार आहे, आत्या?"

"तेच मी तुला विचारणार होते," त्या म्हणाल्या आणि पेपरचं पान उलटलं.

बोलायला नको होतं, पण खोटंही नव्हतं. मी धरलं असतं, माझे हातपाय चालतात तोवर. पुढे? आत्यांना काय लागलं होतं ते मला तेव्हा कळलं. प्रश्न वड्यांचा नव्हता. घरभरच्या माणसांत त्यांचा भाऊ एकदा मिसळला, की तो वेगळा का होता हे विचारायलाही कुणी उरणार नव्हतं.

संध्याकाळी जेवताना मी मुलाला म्हटलं, काहीतरी जमव, निदान अर्धा दिवस. तो वैतागला. "मम्मी, मॅनेजरला काय सांगू? स्कूटरच्या अपघातात गेलेल्या काकाआजोबांसाठी आणखी एक दिवस पाहिजे म्हणून?"

मी आमटी वाढत होते, ती पळी भांड्यात ठेवली. स्कूटर कुठून आली, असं विचारलं, तर त्याने हाताने भिंतीकडे दाखवलं. लहानपणी गुरुजींना एकदा त्याने विचारलं होतं, आज कुणाचं जेवण. हा दिवस अपघातात गेलेल्यांचा असतो, असं गुरुजींनी सांगितलं. वर फोटोत स्कूटर. लेकराने दोन्हीची जुळणी केली. सव्वीस वर्षांचा होईपर्यंत ती मोडायची वेळच आली नाही, कारण आम्ही कुणी काही बोललोच नाही.

"लढाईत गेले ते," मी म्हटलं.

"कुठल्या?"

मी आत्यांकडे पाहिलं. त्या चिडतील असं वाटलं होतं. त्या भात कालवत होत्या.

मुलानेच गाडी रुळावर आणायचा प्रयत्न केला. "आत्याआजी, तू तर हिस्टरीची टीचर. मग मला कसं नाही सांगितलं?"

"परीक्षेला येत नव्हतं," आत्या म्हणाल्या.

याच मुलाच्या फोनवर पंधरा ऑगस्टला तिरंगा लागतो. लढाईचे सिनेमे तो पहिल्या दिवशी बघतो, विमानांची नावं त्याला तोंडपाठ आहेत. आजकालच्या पोरांना काही पडलेली नाही, असं आमच्या बिल्डिंगमधल्या बायका म्हणतात तेव्हा मीही मान डोलवत आले. पण आम्ही सांगितलं काय? नवऱ्याने सांगितलं असेल असं मी धरलं. आत्यांनी सांगितलं असेल असं नवऱ्याने धरलं असणार. आत्यांना वाटलं, दरवर्षी वेगळं पान वाढलं जातं, त्यातच सगळं आलं. मुलाला मी आमसुलाच्या चटणीत गूळ किती घालायचा ते शिकवलं आहे. ती का वाटायची, हे शिकवायला विसरले. शाळेला नावं ठेवण्यात काही अर्थ नाही.

जेवणं झाल्यावर आत्यांनी कपाटातून एक पाकीट आणलं. वर्दीतला फोटो आणि काकांच्या अधिकाऱ्याचं पत्र. पत्र इंग्रजीत होतं, म्हणून ते मुलानेच वाचलं, आणि पहिल्या दोन ओळींनंतर मनातल्या मनात वाचायला लागला. काका सिग्नल्समध्ये होते, टेलिफोनच्या तारा टाकायचं काम. तोफांच्या माऱ्यात पुढच्या ठाण्याची तार तुटली. ती जोडायला ते आणि आणखी एक जण गेले. परत येताना त्यांच्याजवळ गोळा पडला, इथवर वाचून तो थांबला.

"त्यांनाच का पाठवलं?" त्याने विचारलं.

"त्याची ड्यूटी होती." आत्यांनी भावाला मोठं केलं नाही, हे मला आवडलं.

त्याने बोटाने तार तुटल्याची ओळ परत शोधली. मग म्हणाला, "लाइन चालू झाली होती का?"

आत्यांनी चष्मा काढला. घरात सांत्वनाला आलेल्या माणसांनी, नातेवाइकांनी, पेन्शनीच्या कागदांसाठी आलेल्या कारकुनांनी खूप काही विचारलं होतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. त्रास झाला का, शेवटी काही बोलला का, लग्न ठरलं होतं का. हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं.

"हौ, झाली होती," आत्या म्हणाल्या. "खाली लिहिलंय बघ. तासभर तरी चालली."

"तासभर पुष्कळ आहे," मुलगा म्हणाला. तो गंभीरपणे बोलत होता. मग दोघं तारेबद्दल बोलायला लागले. ती जमिनीवरून टाकत की खांबावरून, रीळ किती जड असे, तुटलेली जागा अंधारात कशी शोधत. आत्यांना निम्मं ठाऊक होतं, कारण काका सुट्टीवर आले की याच गोष्टी बोलत. मी भांडी आवरून घेतली. बसून ऐकलं असतं तर मधे काहीतरी बोलले असते.

सकाळी त्याने एका सहकाऱ्याशी शिफ्ट बदलली. तेलुगू मुलगा आहे. त्याला काय सांगितलंस, असं मी विचारलं. "खरं ते," म्हणाला. गुरुजींना फोनही मी त्यालाच करायला लावला. त्यांनी आधी कुरकुर केली, मग सकाळी पहिलं घर आमचं धरलं.

चतुर्दशीला सगळं नेहमीसारखंच झालं. मी ओट्याशी होते, त्यामुळे पाटाजवळ काय झालं ते पाहिलं नाही. वडे थोडे जास्त लाल झाले. आत्या एरवी आपल्या खोलीत बसतात, यंदा दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. निघताना गुरुजींनी पुढच्या वर्षीचं विचारलं, दोन्ही एकत्र की वेगळं, कारण आधी कळलं तर घरं लावायला सोपं जातं. ते माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, आता त्यालाच विचारा, त्याचाच नंबर लिहून घ्या.

मुलगा गडबडला. "वेगळंच," म्हणाला, "पण मम्मी, मला तिथी कुठे कळते?" भिंतीवरच्या कॅलेंडरमधली बारीक मराठी अक्षरं त्याला धड लागत नाहीत, हे खरं आहे. गुरुजी चपला घालता घालता थांबले.

"टँकबंडवर गणपती बुडवतात तो दिवस कळतो ना?" आत्यांनी खुर्चीतून विचारलं. "रस्ते बंद असतात, तुझ्या ऑफिसला सुट्टी असते."

"तो कळतो."

"तिथून पंधरा दिवस मोज."

त्याने फोन उघडला, पुढच्या वर्षीचं विसर्जन शोधलं आणि बोटाने दिवस मोजायला लागला. मधेच चुकला. आत्यांनी त्याला परत पहिल्यापासून मोजायला लावलं.