उलव्यापर्यंत लढणारा सरदार

बेलापूर स्टेशनबाहेर मला नेहमी एक रिक्षावाला भेटतो. त्याच्या गावच्या जुन्या सरदाराची गोष्ट तो अंतर बघून सांगतो. कोर्टापर्यंतच जायचं असेल तर सरदार नुसता घोड्यावर बसतो. मी राहतो उलव्याला. त्यामुळे माझ्या वाटेत खाडीपुलावर सरदाराचं मुंडकं उडतं आणि आमची सोसायटी येईपर्यंत धड लढत राहतं. तेव्हा याचा एक हात हँडल सोडून तलवार फिरवू लागतो आणि माझा जीव टांगणीला लागतो.

एकदा वैतागून मी म्हणालो, "अहो, मी वाचलंय. तुमचा सरदार तापाने अंथरुणातच गेला."

त्याने दोन्ही हात हँडलवर ठेवले. उलव्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. इतकी सुरक्षित रिक्षा मला आयुष्यात कधी खुपली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच्याच रिक्षात बसलो. खाडीपूल आला तसा तो वळून म्हणाला, "साहेब, ताप होता बोल्लात ना? मग तुमीच विचार करा. अंगात एवढा ताप, वर मुंडकं नाय, तरी माणूस लढला!"

त्याचा हात हँडलवरून सुटला, आणि माझा जीव भांड्यात पडला.