उघड्या तोंडाचं चित्र

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांच्याइतका कायम संतापलेला माणूस अख्ख्या सोलापुरात सापडणार नाही. चित्रकलेचे शिक्षक म्हणून ते निवृत्त झाले, राग मात्र अजून नोकरीत आहे आणि तो सगळा कलावंतांच्या तसबिरींवर. सभागृहात तबलजीचं चित्र छातीपर्यंतच दिसलं की ते व्यवस्थापकाला गाठतात. "हात कुठायत यांचे? मिशीनं तबला वाजवायचे का?" नर्तकी हसून नीट उभी दिसली की म्हणतात, "ही नाचत नाही, एसटीची वाट बघतीय." नाटकाला ते पहिल्या रांगेत वही उघडून बसतात आणि त्यांचं कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत असतं. एका नटाचं त्यांनी राजाच्या वेषात, विंगेत घाम पुसतानाचं चित्र काढलं. राजा भडकला. दाजी त्याहून भडकले, "विंगेत आल्यावरच तुम्ही राजासारखे दिसलात, त्याला मी काय करू?"

गेल्या वर्षी त्यांच्या वस्तीतले एक गायक वारले. दिवसा टॉवेलच्या कारखान्यात काम, जयंतीला भीमगीतं. वस्तीतल्या जयंती मंडळाने बुद्धविहाराच्या सभागृहासाठी त्यांचं चित्र मागितलं. दाजींनी दोन महिने खपून काढलं: डोळे मिटलेले, मानेच्या शिरा ताठ, तोंड चांगलं वासलेलं.

मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "सर, तोंड तेवढं मिटवा की. हार घालायचा हाय."

"गायकाचं तोंड मिटवू? उद्या पेटीवाल्याचे हात बांधायला सांगाल."

शेवटी मंडळाने आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. स्कूटरवर मागे बसून ते चित्र मी सांभाळत घरी आणलं आणि वाटेत म्हणालो, "मिटवलं असतं तर काय बिघडलं असतं?" आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

मग एका सकाळी त्या गायकाची बायको चित्र बघायला आली. दाजी दाराशी उभे राहिले, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. बाईंनी चित्रातल्या मानेच्या शिरांवर बोट ठेवलं.

"हितं लई वर गेल्यात त्ये," त्या म्हणाल्या. "हितंच आवाज फाटायचा. फाटला तरी सोडत नव्हते."

चित्र त्या घेऊन गेल्या. परवा आम्ही दोघं त्यांच्याकडे चहाला गेलो. मी सहज विचारलं, त्यांचं गाणं कुणी रेकॉर्ड केलंय का.

"थोरल्याच्या मोबाईलमधी व्हतं," बाई म्हणाल्या. "मोबाईल बिघडला."

दाजींना यावर संतापायला हरकत नव्हती. पण ते भिंतीवरच्या चित्रातल्या उघड्या तोंडाकडे बघत बसले आणि चहा निवून गेला.