अँबॅसडरचे कमानपाटे

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, मुलांनो. तुमच्या आईला नाही. तुमचे आजोबा गेले, त्यांनाही नाही.

माझ्या सासऱ्यांची मोतिया रंगाची अँबॅसडर तुम्ही फोटोत पाहिली आहे. नव्वदच्या दशकात मंचरला आम्ही ती नव्याने उभी केली. बाहेरून होती तशीच ठेवली. आत मात्र पुढे डिस्क ब्रेक, पाच गिअर, कंबर न दुखणाऱ्या सीटा, एसी. आराखडा सगळा माझा — इंग्रजी पुस्तकं वाचून, मापं वहीत मांडून केलेला. काम बबन मिस्त्रींचं, एकट्याच्या हातांचं. त्या गाडीचा मला अभिमान होता. आजही आहे. तो नाकारून हे कसं सांगू?

मागच्या चाकांवर कमानपाटे असतात — एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचा भार त्याच पेलतात. गाडी मऊ चालावी म्हणून मी दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे काढायला सांगितले. पुस्तकात हिशेब होता चार माणसांचा.

मिस्त्री हसले. "वहिनी, आपल्याकडं चारच माणसं कवा बसत्यात? पावणं आलं की लेकरं मांडीवर, अन् डिकीत बटाट्याचं पोतं! नका काढू."

"पुस्तक तुम्ही वाचलंय का?" — असं विचारलं मी. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांना. त्यांनी पाटे काढले.

गाडीची पहिली फेरी देवाला, आहुप्याला. नातलगांना नाही कसं म्हणणार? नऊ जण बसलो, वर शिधा. डिंभ्याच्या पुढे चढावर गाडीचं बूड टेकलं, चाक घासलं, टायर फुटला. कोणाला लागलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या गॅरेजात, चार जीपवाल्यांसमोर, तुमचे आजोबा कडाडले, "बबन, पाटे काढायची अक्कल कुणाची?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी — मी काय केलं? पर्सची चेन लावत राहिले.

"चुकलं, भाऊ," ते म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या अंदाजाने वेगळे पाटे बसवून दिले, आणि गाडी मी मनात धरली होती तशी चालू लागली. नऊ माणसं घेऊनसुद्धा! कौतुक माझं झालं. मी ते घेतलं. मिस्त्रींच्या वाट्याला बाजारातली थट्टा आली — "जा की बबनकडं, पाटं काढून देतोय!" प्रवासी कोंबून धावणारे जीपवाले नारायणगावला जाऊ लागले. त्यांच्यावरच तर मिस्त्रींचं गॅरेज चालत होतं. वर्षभरात त्यांनी ते बंद केलं आणि चाकणला दुसऱ्याच्या हाताखाली कामाला लागले.

पुढे बऱ्याच वर्षांनी अवसरीला एका लग्नात ते भेटले. आमच्या अँबॅसडरच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "वहिनी, कशी चालतीय?" शेजारी आजोबा होते. थट्टा करणाऱ्यांपैकी दोघे होते. एक वाक्य पुरलं असतं.

"छान चालते," मी म्हणाले.

मिस्त्री आता नाहीत. ते वाक्य असं होतं — पाटे काढायला मी सांगितलं, आणि त्यांनी नको म्हटलं होतं.