पान उलटायची काडी

"हात लावू नको. ही घे."

भाऊसाहेबांनी ओसरीवरून माझ्यापुढं तुराटीची एक काडी टाकली. वीतभर लांब. टोक घासून गुळगुळीत केलेलं. "हिच्यानं उलटायचं पान."

मी काडी उचलली. एकोणीस वर्षांचा होतो. मिडल पास होतो. आमच्या महारवाड्यात तेवढं शिकलेला मी एकटाच. तरी वाकलो अन् उचलली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी फार शूर होतो असं कोणाला वाटायला नको.

मधे तिवई. तिवईवर पुस्तक. वरच्या अंगाला आरामखुर्चीत ते, खालच्या अंगाला अंगणाच्या पायरीवर मी. पुस्तक फ्रेंच भाषेचं, शब्दांखाली उच्चार देवनागरीत छापलेले, मुंबईहून मागवलेलं.

निजामाचं राज्य होतं. कचेरी उर्दूत, शाळा उर्दूत, घरात मराठी. जुन्या जालन्यात फ्रेंच शिकायचं कोणाला सुचावं? भाऊसाहेबांना सुचलं. जिनिंगचे मालक. कापसाचा हंगाम सरला की पाऊसकाळभर यंत्रं बंद अन् माणूस रिकामा. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, सुधारलेल्या माणसाला एक तरी परदेशी भाषा यावी, त्यानं मन उंच होतं. लगेच भिंतीवर कागद लागला. सकाळी जोरबैठका. दुपारी वाचन. पाचला फ्रेंच.

मी त्यांच्याकडं कापसाच्या गठाणींवर ब्रशानं नंबर अन् मार्का टाकायचो. अक्षर चांगलं होतं. एक दिवस मागं उभं राहून बघत राहिले अन् म्हणाले, "तुझ्यात चमक आहे रे. वाया जाईल. रोज पाचला घरी येत जा."

आनंद झाला न्हाई. आम्हाला कोणी आपण होऊन काही देत असलं की आम्ही आधी मागं वळून बघतो, दुसऱ्या कोणाला तर म्हणत न्हाई ना.

मायला सांगितलं. ती भाकर थापता थापता म्हणाली, "त्याच्या भावकीत इतकी पोरं. तूच कसा काय दिसलास त्याला?"

"माझ्यात चमक हाय म्हणले."

"चमक तर तव्यात बी आस्ती, घासल्यावर. तुला कशापायी घासून राह्यलाय ते बघ."

तरी गेलो. मला मॅट्रिक व्हायचं होतं. जालन्यात राहून, दिवसभर गठाणी करून ते होणार नव्हतं. औरंगाबादेला एक बोर्डिंग होतं, तिथं आमच्या जातीची दोन-चार पोरं घेत. पण कोणी वजनदार माणसाची चिठ्ठी लागायची. चिठ्ठीशिवाय फाटकाच्या आत पाऊल न्हाई. भाऊसाहेब म्हणाले, "दसऱ्याला चिठ्ठी देतो. तोवर माझ्यासंगं शीक." तेवढ्यासाठी मी काडी धरली.

मी एकदा म्हणालो, "जी, मला इंग्रजी शिकवा. परीक्षेला लागती."

ते हसले. "इंग्रजी पोटाची भाषा आहे. ही मनाची."

भरल्या पोटाच्या माणसाला हा फरक लगेच कळतो. मला कळला न्हाई.

काडीबद्दल तर त्यांनी स्वतःच सांगितलं. "मी जातपात मानत नाही बरं का. घरात आई आहे म्हणून." आई आतल्या खोलीत असायच्या. चार महिन्यांत एकदाही ओसरीवर आल्या न्हाईत. मी दाराकडं बघायचो अन् मनात म्हणायचो, मंग ही काडी नक्की कोणासाठी?

शिकायची तऱ्हा अशी. पान मी उलटायचं, ते एकदा वाचून घ्यायचे अन् डोळे मिटून धडा म्हणायचे, मी पुस्तकात बघून तपासायचं. चुकले की "जी, चुकलं" म्हणायचं. मंग ते पुन्हा म्हणायचे. शंभर वेळा चुकायचे. लाज न्हाई, राग न्हाई. मला वाटायचं, केवढा मोठा माणूस! अन् त्यांचं तपासता तपासता मलाच सगळं पाठ झालं. काडीनं का होईना, पानं माझ्या डोळ्याखालून जात होती.

गुरुवारी त्यांचे दोस्त जमायचे. एक वकील, एक डॉक्टर, एक सराफ. त्यांच्यापुढं भाऊसाहेबांच्या तोंडून फ्रेंचचा एक शब्द निघायचा न्हाई. मला बोलवायचे. "म्हण रे." मी म्हणायचो. ते खदाखदा हसायचे.

वकील म्हणाला, "भाऊसाहेब, आता गाढवाला संस्कृत शिकवा."

"शिकवलं असतं," भाऊसाहेब म्हणाले, "पण काडी पुरणार नाही."

त्या हसण्यात मला उमगलं. ज्याला भाषा शिकायची त्याला चुकायला माणूस लागतो. बरोबरीच्या माणसापुढं चुकलं तर इज्जत जाते. भिंतीपुढं चुकलं तर कोण सांगणार चुकलं म्हणून? भाऊसाहेबांना बोलणारी भिंत पाहिजे होती. माझ्यापुढं चुकणं हे चुकणंच नव्हतं, कारण माझ्यापुढं असणं हे कोणापुढं असणंच नव्हतं. चमक बिमक काही न्हाई.

तरी मी जात राहिलो. दसरा दोन महिन्यांवर होता.

श्रावणात हवा ओली झाली. पानं एकमेकांना चिकटली. काडीनं पान उलटलं की कधी दोन जायची. आठव्या धड्यानंतर एकदम दहावा आला. मला दिसलं. मी बोललो न्हाई. बोटानं सोडवल्याशिवाय ते पान सुटणार नव्हतं, अन् बोटाला मनाई त्यांची होती. मंग त्यांचं त्यांनी बघावं.

दसऱ्याला आठ दिवस राहिले अन् एक गोरा व्यापारी कापसाचा सौदा करायला आला. फ्रान्सचाच निघाला. भाऊसाहेबांना आभाळ ठेंगणं झालं. ओसरीवर बैठक घातली. दोस्त बोलावले. तिवईवर पुस्तक मांडलं. पायरीवर मला बसवलं, काडी हातात. दाखवायला.

सुरुवात बरी झाली. नमस्कार, हवापाणी, घर, बाग. गोरा खूष. दोस्त डोळे मोठे करून बघत. मंग गोऱ्यानं साधं विचारलं: यंदा गठाणी किती?

भाऊसाहेब थांबले. तोंड उघडं. त्यांना आकडेच येत नव्हते. नववा धडा आकड्यांचा होता. जिनिंगचा मालक, अन् गठाणींचा आकडा सांगता येईना. त्यांनी बोटं दाखवायला सुरुवात केली. वकिलानं तोंडाला रुमाल लावला.

भाऊसाहेब माझ्यावर फिरले. "गाढवा! दोन पानं उलटलीस! काडी नीट धरता येत नाही तुला?"

गोऱ्यानं माझ्याकडं बघितलं, काडीकडं बघितलं. मोडक्या हिंदुस्तानीत म्हणाला, "यह लकडी किस वास्ते?"

डॉक्टर चपलेकडं बघू लागला. सराफाला खोकला आला.

मी पायरीवरून उठलो. काडी खाली ठेवली. तिवईपाशी गेलो अन् अंगठा अन् बोट लावून ते पान सोडवलं. अलगद. फाटू दिलं न्हाई. पुस्तक हातात घेतलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याचं वजन कळलं. उभ्यानं नववा धडा वाचला. एक ते शंभर. कुठं कुठं उच्चार चुकला असंल. सगळ्यांपुढं चुकलो, अन् थांबलो न्हाई.

गोरा मान डोलवत होता. भाऊसाहेब पांढरे पडले होते. मी पुस्तक तिवईवर ठेवलं तसे ते हळूच म्हणाले, "ते आता इथं ठेवू नको. बाटलं ते. घेऊन जा."

"मला न्हाई पाहिजे," मी म्हणालो. "मला इंग्रजी पाहिजे होतं."

अन् निघालो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांचे दिवाणजी महारवाड्याच्या तोंडाशी आले. आत न्हाई आले. लांबूनच हाक मारली. हातात पाकीट.

"चिठ्ठी लिहून तयार आहे बघ. भाऊसाहेब मनाचे मोठे आहेत. फकस्त गुरुवारी ये, दोस्तांपुढं पाया पड, म्हण चूक झाली. अन् पाचला पहिल्यासारखा येत जा."

"काडी घेऊन?"

"मंग कसं?" त्यांना प्रश्नच समजला न्हाई. "लेकरा, एका काडीपायी जिंदगी बरबाद करतूस का? अशी चिठ्ठी तुला दुसरीकडं मिळन का?"

मिळणार नव्हती. मला पक्कं माहीत होतं. पाकिटावर सुपरिटेंडेंट साहेबांचं नाव होतं, शाई नीट वाळलेली. हात लांब केला असता तर बोर्डिंग, मॅट्रिक, सगळं त्या हाताच्या टप्प्यात होतं.

"त्यांना सांगा," मी म्हणालो, "चूक झाली न्हाई."

दिवाणजी पाकीट खिशात घालून गेले. मी रडलो. रडलो हेही सांगतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चालत निघालो. बदनापूर, करमाड, औरंगाबाद. दोन दिवस लागले. बोर्डिंगच्या फाटकात सुपरिटेंडेंट उभा होता.

"कोणाची चिठ्ठी आणलीस?"

"कोणाचीच न्हाई."

"मग आलास कसा?"

"चालत."

"चालत आलेल्यांना घ्यायला लागलो तर अर्धा मराठवाडा येईल इथं."

"येऊ द्या," मी म्हणालो.

त्यानं फाटक लावून घेतलं. मी बाहेर मातीत बसलो. पुढं मी बी.ए. झालो, आमच्या सात पिढ्यांत पहिला. ते कसं झालं हा वेगळा हिशेब आहे अन् त्यात कोणाचे आभार न्हाईत. पण त्या दुपारी पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. पाय सुजले होते. आत पोरं मोठ्यानं पाठ म्हणत होती, ते ऐकू येत होतं. एवढंच ठरवलं: हे फाटक उघडलं तर मी उपकार मानणार न्हाई. अन् न्हाई उघडलं तर उठणार न्हाई.